‘सुई’ने जातो आणि दुप्पट होऊन येतो: सोरायसिसविषयीच्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

दारव्हा तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरल्या भावाचे वय 38, घरची चार एकर कोरडवाहू शेती. तीन वर्षांपूर्वी कोपरांवर आणि गुडघ्यांवर पांढरट पापुद्रे सुटणारे चट्टे आले. नायटा समजून दोन-तीन प्रकारच्या ट्यूबा लावून झाल्या. नंतर एका ठिकाणी दर पंधरा दिवसांनी सुई आणि सोबत लहान पांढऱ्या गोळ्या असा उपचार सुरू झाला आणि चार महिन्यांत अंग स्वच्छ झाले. सोयाबीन काढणीच्या धावपळीत तिकडे जाणे राहिले, तेव्हा तीन आठवड्यांत चट्टे पाठ, पोट, मांड्या आणि डोके असे सर्वत्र पसरले. आता सकाळी उठल्यावर हाताची दोन बोटे सुजलेली असतात. गावात काही जण महारोग म्हणू लागले आहेत, धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी अडली आहेत, आणि एका ओळखीच्या माणसाने सहा हजार रुपयांत ‘मुळापासून’ बरे करणारी भुकटी सुचवली आहे. भावाची चार वर्षांची मुलगी त्याच्याच अंथरुणात झोपते, तिला हा आजार लागेल का, आणि तो मुळापासून कधी जाईल, असे दोन प्रश्न शेवटी विचारले आहेत.

मी याच पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षे त्वचारोगांचे रुग्ण तपासते आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते, कारण ते लहान आहे. सोरायसिस कोणालाही लागत नाही. स्पर्शाने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, एक टॉवेल वापरल्याने नाही, पतिपत्नीच्या संबंधाने नाही आणि अंथरुणात गळलेल्या कोंड्यानेही नाही. मुलीला बापाजवळून उठवू नका. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. ‘मुळापासून’ या शब्दाच्या मागे धावतानाच तुमचा भाऊ आजच्या अवस्थेपर्यंत आला, असे मला तुमचा मजकूर वाचताना वाटले. हा आजार मधुमेहासारखा किंवा रक्तदाबासारखा आहे. तो शांत ठेवता येतो, कित्येकदा वर्षानुवर्षे चट्टा दिसत नाही इतका शांत ठेवता येतो, पण पुन्हा कधीही येणार नाही अशी हमी प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही. म्हणून विचारायचे ते असे, की तो किती शांत ठेवता येईल आणि त्यासाठी शरीराला व खिशाला किती किंमत मोजावी लागेल.

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान ठामपणे सांगणे योग्य नाही, परंतु कोपर, गुडघे, डोके, पांढरे पापुद्रे, सुई बंद होताच आलेली उसळी आणि बोटांची सूज एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर माझ्या मनात दुसरे नाव फारसे येत नाही. पुढे जाण्याआधी एक तातडीची बाब सांगते. भावाचे जवळजवळ सगळे अंग लाल किंवा जांभळट होऊन गरम लागत असेल, हुडहुडी भरत असेल, पायांवर सूज असेल, किंवा चट्ट्यांवर मोहरीएवढे पू भरलेले फोड उठू लागले असतील, तर हे उत्तर वाचत बसू नका. त्याला आजच जिल्ह्याच्या ठिकाणी, शक्य तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. सगळीच कातडी बिघडली की शरीरातील पाणी, प्रथिने आणि उष्णता बाहेर निसटू लागतात आणि माणूस दोन-चार दिवसांत खालावतो. शिवाय त्या सुईत आणि गोळ्यांत स्टेरॉईड, म्हणजे संरक्षक पेशींना दाबणारे औषध, असावे असा मला संशय आहे. कित्येक महिने घेतलेले ते औषध एकदम थांबले असेल, तर शरीराने स्वतःचे स्टेरॉईड तयार करणे मंदावलेले असते. त्यामुळे फार थकवा, उलट्या, चक्कर अशी लक्षणे असतील तर तीही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता आजार मुळात काय आहे ते पाहू. कातडीच्या तळाच्या थरात जन्मलेली पेशी वर सरकत येऊन गळून पडायला एरवी सुमारे 28 दिवस घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास 3 ते 5 दिवसांत उरकतो. पेशी पुरती पिकण्याआधीच वर येते, खालून दुसरी ढकलत असते, आणि अशा अर्धकच्च्या पेशींचे थर एकमेकांना चिकटून पांढरे पापुद्रे बनतात. ही घाई कातडी आपणहून करत नाही. शरीराच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी, विशेषतः टी-पेशी, चुकून कातडीला सतत इशारे देत राहतात. इंटरल्यूकिन 17, इंटरल्यूकिन 23 आणि टीएनएफ ही त्या इशाऱ्यांची नावे आहेत, आणि अलीकडची महागडी इंजेक्शने नेमकी याच रेणूंना अडवतात. एवढे तपशिलात सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडे चट्टा दिसला की ‘रक्त खराब झाले’ किंवा ‘अंगात उष्णता वाढली’ असे म्हणण्याची पद्धत आहे आणि मग रक्तशुद्धीच्या बाटल्या रिकाम्या होतात. यात रक्त खराब झालेले नसते. संरक्षक पेशी चुकीच्या जागी राबत असतात.

आनुवंशिकतेने कल मिळतो आणि बाहेरची एखादी गोष्ट त्याला चालना देते. घसा दुखून ताप आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, विशेषतः लहान मुलांत आणि तरुणांत, पाण्याच्या थेंबांएवढे चट्टे अंगभर उठतात. रक्तदाबासाठीच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या काही गोळ्या, मानसिक आजारातील लिथियम आणि मलेरियासाठीचे क्लोरोक्विन यांनी आजार उसळतो. म्हणून गडचिरोलीकडून आलेल्या रोग्याला मी मलेरियाच्या गोळ्यांविषयी हमखास विचारते. दारू, धूम्रपान, वाढलेले वजन, मनावरचा ताण आणि थंडी याही गोष्टी आहेत. तुमच्या भावाची सुई सुटली तीही काढणीनंतर थंडी सुरू होण्याच्या तोंडावर, त्यामुळे उसळीत ऋतूचाही वाटा असावा.

चालना देणाऱ्या गोष्टींपैकी एक आपल्या भागात फार पाहायला मिळते, तिच्यावर थोडे थांबते. सोरायसिसच्या माणसाला जिथे ओरखडा, भाजणे किंवा जखम होते, तिथे काही दिवसांत नवा चट्टा उठू शकतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ कोब्नर यांनी एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट नोंदवल्यामुळे तिला त्यांचे नाव आहे. खेड्यात चट्ट्यावर बिबा लावतात. बिब्याचे तेल कातडी जाळते, फोड येतो, फोडाची खपली पडते आणि घरच्यांना वाटते की रोग खपलीबरोबर निघाला. तीन आठवड्यांनी तेच घर माझ्यासमोर बसलेले असते आणि गुडघ्यापासून खाली बिब्याचा ओघळ जसा गेला असेल तशीच चट्ट्याची रेघ उठलेली दिसते. ओघळ नडगीवर येऊन जिथे थांबला, तिथे चट्टाही थांबतो. अशी रेघ मी पाहिली की निदानासाठी दुसरे काही विचारत नाही. दगडाने किंवा नारळाच्या शेंडीने घासून पापुद्रे काढणे हाही त्याच जातीचा उपाय आहे. तो करू नये.

ओळखण्याविषयी सांगायचे तर चट्ट्याची कडा स्पष्ट असते, जणू कोणी पेन्सिलीने आखून दिली आहे. कातडी जाड लागते आणि वरचा पापुद्रा कोरडा, चंदेरी असतो. हलकेच खरवडल्यास मेणबत्ती खरवडल्यासारखी भुकटी निघते आणि आणखी खरवडल्यास टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. हे मी तपासताना करते, घरी करून पाहू नये. पुस्तकांत आणि मोबाईलवर दिसणारी चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची असतात आणि त्यांत चट्टा गुलाबी असतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, आणि केवळ ‘लाल नाही’ म्हणून निदान चुकल्याची उदाहरणे माझ्याकडे पुष्कळ आली आहेत. ठरावीक जागा पाहाव्यात: कोपर, गुडघे, कंबरेचा खालचा भाग, बेंबी, कानामागे, आणि डोक्यात केसांची सीमा ओलांडून कपाळावर उतरलेली पट्टी. नखे तर मी प्रत्येकाची पाहते. नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतील, नख टोकाकडून सुटत असेल, किंवा नखाखाली तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग असेल, तर संशय बळावतो.

नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा आजार आहे. त्याची कडा जिवंत आणि मधला भाग साफ होत जाणारा असतो, तो बहुधा जांघेत, कंबरेला, बगलेत येतो आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम असतो. पापुद्रा खरवडून पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काही मिनिटांत उलगडा होतो. अडचण अशी की दुकानातून मिळणाऱ्या मिश्र ट्यूबांत बहुधा तीव्र स्टेरॉईड असते, त्यामुळे नायट्याचे रूपही बदलते आणि सोरायसिसचेही, आणि मग दोन्ही ओळखू येत नाहीत. आणखी एक आजार आपल्याकडे सोरायसिस समजला जातो, तो म्हणजे गाजरगवताची अ‍ॅलर्जी. निंदणाला जाणाऱ्या बाया आणि फवारणी करणारे पुरुष यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, पापण्यांवर आणि कोपराच्या आतल्या खाचेत ती येते, पावसाळ्यात वाढते आणि खाजेने माणूस झोपत नाही. सोरायसिस कोपराच्या बाहेरच्या हाडावर येतो आणि ही अ‍ॅलर्जी बहुधा आतल्या घडीत. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी बरेच काम होते.

महारोगाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बहिणीच्या लग्नाची गाठ तिथेच अडकली आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याजवळचे आनंदवन या संस्थांमुळे विदर्भाने कुष्ठरोग जवळून पाहिला आहे, पण त्या ओळखीबरोबर भीतीही घरोघर राहिली आहे. त्यात भाषेने भर घातली. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांसाठी येतो आणि त्यांपैकी ज्या ‘एककुष्ठा’ला माशाच्या खवल्यांची उपमा दिली आहे, त्याचे वर्णन आजच्या सोरायसिसशी बरेच जुळते. एखाद्याने कागदावर ‘कुष्ठ’ लिहिले की गावात तो महारोग होतो. युरोपातही हा घोटाळा पुष्कळ काळ होता. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी 1841 मध्ये हे दोन आजार स्पष्टपणे वेगळे केले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुधा बधिरपणा असतो, घाम येत नाही, केस झडतात, नसा जाड होतात, आणि असे जाड पापुद्रे क्वचितच सुटतात. सोरायसिसच्या चट्ट्याला कापसाचे टोक लावले तर रोग्याला ते कळते. शंका असेल तर ही तपासणी पाहुण्यांसमोरसुद्धा करून दाखवता येते आणि मी दोनदा ती तशी केलेली आहे. अर्थात कुष्ठरोगही सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी बरा होतो, त्यामुळे ‘महारोग नाही’ हे सांगताना त्या रोग्यांना हीन लेखण्याचे काही कारण नाही.

आता सुईकडे वळते. माझ्यासमोर बसून आठवड्यातून एकदा तरी कोणी म्हणते, “बाई, एक सुई लावून द्या न, मंग पाहा कसं सफाचट होते.” आणि ते खोटे नसते. स्टेरॉईडची सुई किंवा गोळ्या दिल्यास चट्टे खरोखरच झपाट्याने मावळतात, कारण ते औषध सगळ्या संरक्षक पेशींना एकदम गप्प बसवते. औषध उतरले की त्या पेशी दुप्पट जोमाने जाग्या होतात आणि चार चट्ट्यांचा आजार अंगभर पसरतो, कधी पुवाचे फोड घेऊन येतो. म्हणून सोरायसिसमध्ये स्टेरॉईड पोटातून किंवा सुईने देणे आम्ही टाळतो. फार थोड्या परिस्थितींत आणि जाणत्या हाताखालीच ते दिले जाते. चार महिने ते घेतल्यावर चेहरा गोल होणे, वजन वाढणे, साखर आणि रक्तदाब वाढणे, मांड्यांवर जांभळ्या रेघा उमटणे हे वेगळेच. तुमच्या भावाला नेमके काय दिले गेले हे मला ठाऊक नाही, पण चार महिन्यांत साफ होणे आणि तीन आठवड्यांत उसळणे ही चाल मी इतक्या वेळा पाहिली आहे की आधी तोच संशय येतो. यात भावाची चूक नाही. काढणीच्या दिवसांत गाव सोडता येत नाही हे मला शेतकऱ्याची मुलगी म्हणून माहीत आहे. ज्या उपचारात एक खेप चुकली की रोगी आडवा पडतो, तो उपचारच शेतकऱ्यासाठी चुकीचा आहे.

बोटांच्या सुजेकडे दुर्लक्ष करू नका. सोरायसिसच्या रोग्यांपैकी साधारण पाचांतल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत सांध्यांचा त्रास होतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ बोटे आखडलेली राहणे, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत फुगणे, टाच दुखणे, आणि नखांत खळगे असणे या खुणा महत्त्वाच्या आहेत. संधिवातासाठी जो आरए फॅक्टर तपासतात तो यात बहुधा निगेटिव्ह येतो, आणि त्यामुळे ‘वात नाही’ म्हणून रोगी परत पाठवला जातो. चट्टा गेला की कातडी पूर्ववत होते, पण सांध्याचे हाड झिजले की ते परत येत नाही. म्हणून भावाच्या बाबतीत मी चट्ट्यांपेक्षा त्या दोन बोटांची अधिक काळजी करीन.

उपचार किती जोरात करावा हे आजार किती पसरला आहे आणि कुठे आहे यावर ठरते. रोग्याचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का धरावा. चार-सहा तळहातांएवढेच चट्टे असतील तर लावण्याची औषधे बहुधा पुरतात: ठरावीक आठवड्यांपुरते स्टेरॉईडचे मलम, कॅल्सिपोट्रिऑल, डोक्यासाठी कोलटारचा शांपू, जाड पापुद्र्यांसाठी सॅलिसिलिक आम्ल असलेले मलम. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर एक रेघ काढली की ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्याहून जास्त थापू नये, आणि चेहऱ्यावर, जांघेत, बगलेत तीव्र मलम लावू नये. रोजच्या ओलाव्यासाठी महागडे काही लागत नाही. कोमट पाण्याने आंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावली, तर निम्मी खाज आणि भेगा आटोक्यात येतात. चुलीवरचे कढत पाणी हिवाळ्यात बरे वाटते, पण ते कातडी आणखी कोरडी करते.

दहा तळहातांच्या पुढे आजार गेला असेल, किंवा सांधे धरले असतील, तर मलमांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. एक मार्ग अतिनील किरणांचा आहे. 311 नॅनोमीटरच्या पट्ट्यातील हे किरण आठवड्यातून दोन ते तीन वेळा, दोन-तीन महिने घ्यावे लागतात. तो चांगला आणि सुरक्षित उपचार आहे, पण यंत्र शहरात, रोगी खेड्यात, आणि प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी. शिवाय तो सांध्यांसाठी उपयोगाचा नाही. सकाळचे कोवळे ऊन दहा-पंधरा मिनिटे चट्ट्यांवर घेतल्याने अनेकांना थोडा फायदा होतो; आपल्याकडचे मे महिन्यातील दुपारचे ऊन मात्र घेऊ नये, कारण भाजलेल्या कातडीवर नवे चट्टे येतात.

म्हणून चट्टे आणि बोटे दोन्ही धरलेल्या, मजुरीवर पोट असलेल्या माणसासाठी मी बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेटचा विचार करते. औषध जुने आहे, स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयांतूनही दिले जाते आणि दोन्हीवर काम करते. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. हे वाक्य मी तीनदा लिहायला तयार आहे. काही वर्षांपूर्वी मी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असे स्वच्छ लिहिले होते. रोगी होती ती घरातली सासू. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, चिठ्ठी वाचणारी सून माहेरी गेली होती, आणि बाईंनी गोळ्या इतर गोळ्यांसारख्या रोज घेतल्या. आठव्या दिवशी तोंड सोलवटलेले, पाणी गिळता येत नाही आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या, अशा स्थितीत त्यांना नागपूरला पाठवावे लागले. त्या वाचल्या. तेव्हापासून मी चिठ्ठीवर ‘आठवडा’ हा शब्द लिहीतच नाही. रोग्याच्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारते आणि सांगते, ‘बाजाराच्या दिवशी रात्री ही गोळी, दुसऱ्या दिवशी फॉलिक आम्लाची ही पिवळी गोळी, बाकी दिवस काही नाही.’ बाजाराचा वार कोणी विसरत नाही. ज्या पुरुषांचे बाजारचे दिवस पिण्यात जातात, त्यांच्यासाठी मी दुसरा वार निवडते. तसे पाहता या औषधावर असताना दारू, मग ती मोहाची का असेना, बंदच हवी, कारण दोन्ही यकृतावर येतात.

मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वी रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, कावीळ ब आणि क, आणि क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे मी करून घेते. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासते. पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ असल्यामुळे त्याचीही चौकशी करते, कारण ज्याचे रक्त आधीच कमी आहे त्याला हे औषध देताना वेगळा विचार करावा लागतो. तोंडात फोड येणे ही धोक्याची पहिली खूण आहे, आणि इथे आमची एक स्थानिक अडचण आहे: खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाणाऱ्याचे तोंड आधीच सोललेले असते, त्यामुळे ती खूण त्यालाही कळत नाही आणि मलाही. ताप, कोरडा खोकला, दम लागणे किंवा अंगावर काळे-निळे डाग आल्यास गोळी थांबवून लगेच दाखवावे. को-ट्रायमॉक्साझोल नावाची सल्फाची गोळी यासोबत घेऊ नये, आणि दुखण्यावरची गोळी विचारूनच घ्यावी. ज्यांना मूल हवे आहे त्या स्त्रियांनी हे औषध घ्यायचेच नाही, आणि पुरुषांनीही तसा विचार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. फरक दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. सुई दोन दिवसांत जे दाखवते ते ही गोळी दोन महिन्यांत दाखवते, आणि रोगी टिकवून धरण्याची खरी कसोटी याच दोन महिन्यांत असते.

ज्यांना हे मानवत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅप्रेमिलास्ट, सायक्लोस्पोरिन, अ‍ॅसिट्रेटिन अशी औषधे आहेत आणि त्यापुढे वर उल्लेखिलेली जैविक इंजेक्शने. ती फार परिणामकारक आहेत, परंतु खर्च अजूनही चार एकरांच्या शेतीला झेपणारा नाही, आणि क्षयरोगाची तपासणी केल्याशिवाय ती देता येत नाहीत.

भुकटीविषयी माझे मत स्पष्ट आहे. पुडीवर घटक छापलेले नाहीत, बनवणाऱ्याचे नाव नाही, आणि पंधरा दिवसांत अंग साफ होते, अशी भुकटी म्हणजे बहुधा कुटून मिसळलेले स्टेरॉईड असते; कशात पारा किंवा सोमलही निघतो. नोंदणीकृत वैद्याकडून, काय देतो ते लिहून देणाऱ्याकडून कोणी उपचार घेत असेल तर मी त्याला अडवत नाही, फक्त दोन्हीकडची औषधे एकमेकांना माहीत असावीत एवढे म्हणते. पथ्याचेही तसेच आहे. वांगे, आंबट, दूध-मासे यांनी सोरायसिस होतो किंवा सोडल्याने जातो असे काही सिद्ध नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने चट्टेही कमी होतात आणि औषधही चांगले लागू पडते. शिवाय या आजारात मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे.

बहिणीच्या लग्नाविषयी पाहुण्यांना सरळ सांगता येईल की हा न लागणारा आजार आहे आणि तो बहिणीला नाही, भावाला आहे. आई-वडिलांपैकी एकाला सोरायसिस असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात चौदा असते, दोघांना असल्यास चाळीसच्या आसपास. म्हणजे तुमच्या पुतणीलाही तो न होण्याचीच शक्यता अधिक आहे. आणखी एक गोष्ट घरात आधीच सांगून ठेवा: चट्टे बरे होताना त्या जागी काही महिने फिकट किंवा काळसर डाग राहतात. ते कोड नाही. एका घरात बरे होत आलेल्या मुलीचे फिकट डाग पाहून औषध बंद करण्यात आले होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले.

दारव्ह्याहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. सेवाग्राम आणि सावंगी येथेही त्वचारोग विभाग आहेत. तिथे जाताना ‘मेडिकलला जातो’ एवढेच सांगून निघू नका, कारण मी नागपूरच्या ‘मेडिकल’ला, म्हणजे तिथल्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवलेला एक रोगी चौकातल्या औषधांच्या दुकानातून आणखी एक ट्यूब घेऊन परत आला होता. सोबत सगळे जुने कागद, त्या लहान पांढऱ्या गोळ्यांचे एखादे रिकामे पाकीट आणि वापरलेल्या ट्यूबा न्या. सकाळी बोटे सुजलेली असतानाचा फोटो उजेडात काढून ठेवा, कारण दुपारी डॉक्टरांपुढे पोहोचेपर्यंत सूज उतरलेली असते. त्या दिवशी डोक्याला आणि चट्ट्यांना तेल लावू नका, नाहीतर पापुद्रे दिसत नाहीत. आणि सहा हजारांची भुकटी घेऊन झालीच असेल, तर ती लपवू नका आणि फेकूही नका. पुडी आहे तशी पिशवीत टाकून घेऊन जा.